एनजीसी ६९४६ मध्ये शंभर वर्षांत दहा अतिनवतारे आणि आकाशगंगेत चारशे वर्षांत एकही नाही, असे का?

ध्रुवमत्स्य:

नमस्कार. वृषपर्वा आणि हंस या दोन तारकासमूहांच्या सीमेवर एनजीसी ६९४६ नावाची एक सर्पिल दीर्घिका आहे. विल्यम हर्शेल यांनी ती १७९८ मध्ये शोधली. ती आपल्याला जवळजवळ समोरून दिसत असल्यामुळे तिचे सर्पिल बाहू छायाचित्रांत फार स्पष्ट उमटतात. तिला 'फटाक्यांची दीर्घिका' असे टोपणनाव पडले आहे, कारण १९१७, १९३९, १९४८, १९६८, १९६९, १९८०, २००२, २००४, २००८ आणि २०१७ या वर्षी मिळून तिच्यात दहा अतिनवतारे, म्हणजेच सुपरनोव्हा हे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट, दिसले.

माझी अडचण अशी आहे. आपल्या आकाशगंगेत या दीर्घिकेच्या साधारण दुप्पट तारे आहेत, असे वाचनात आले. तारे दुप्पट तर स्फोटही दुप्पट व्हायला हवेत, असे साधे त्रैराशिक मी मांडले. प्रत्यक्षात आकाशगंगेतला शेवटचा ठळक अतिनवतारा १६०४ मध्ये भुजंगधारी तारकासमूहात दिसला, ज्याचे केप्लर यांनी बारकाईने निरीक्षण केले, आणि त्यानंतर नुसत्या डोळ्यांनी पाहिल्याची निर्विवाद नोंद व्हावी असा एकही स्फोट आकाशगंगेत झालेला नाही. तिकडे शंभर वर्षांत दहा आणि इकडे चारशे वर्षांत शून्य, ही तफावत निव्वळ योगायोगाने पडू शकते का, की त्या दीर्घिकेत खरोखर काही वेगळे चालले आहे, की माझ्या त्रैराशिकातच काही चुकते आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

लघुलुब्धक:

चूक त्रैराशिकात आहे, आणि गंमत म्हणजे ती दोन्ही बाजूंना आहे. तिकडचे दहा तुम्ही चुकीच्या गोष्टीशी ताडून पाहत आहात आणि इकडचे शून्य हे मुळात शून्य नाही.

आधी तिकडचे पाहू. एनजीसी ६९४६ मधल्या ज्या अतिनवताऱ्यांचे वर्णपट नीट मिळाले, ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे आहेत, म्हणजे त्यांच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा आहेत आणि ते जड ताऱ्याचा गाभा कोसळल्यामुळे झालेले आहेत. असा शेवट होण्यासाठी तारा जन्मतः सूर्याच्या किमान आठ पट वस्तुमानाचा असावा लागतो. सूर्यासारखा तारा सुमारे १,००० कोटी वर्षे जगतो, आठ सूर्यांइतका तारा जेमतेम चार कोटी वर्षे, तर पंचवीस सूर्यांइतका तारा ७० लाख वर्षांच्या आसपास, कारण जड तारा आपले इंधन फार उधळेपणाने जाळतो. याचा अर्थ असा की आज एखाद्या दीर्घिकेत असे किती स्फोट होतात हे तिच्या एकूण ताऱ्यांवर मुळीच ठरत नाही. गेल्या तीन-चार कोटी वर्षांत तिथे किती नवे तारे जन्मले, यावर ते ठरते. वस्तीत माणसे किती हे मोजून उपयोग नाही, पाळणा किती वेळा हलतो ते मोजायला हवे. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत अब्जावधी तारे असतात, पण ते जवळजवळ सगळे म्हातारे असल्यामुळे तिथे गाभा कोसळण्याचे स्फोट सहसा दिसत नाहीत. तिथे दिसतो तो पहिल्या प्रकारातला 'अ' हा उपप्रकार. त्यात चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सुमारे १.४ सूर्यांच्या, जवळ पोहोचलेला श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, अणुबाँबसारखा पेटून संपूर्ण उधळला जातो, आणि त्यासाठी तरुण तारे लागत नाहीत.

एनजीसी ६९४६ मध्ये वायूचा साठा भरपूर आहे आणि तारे जन्मण्याचा वेग आकाशगंगेपेक्षा जास्त आहे. आकाशगंगेत दरवर्षी साधारण दोन सूर्यांइतका वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो. ढोबळ हिशेब असा की शंभर सूर्यांइतके वस्तुमान ताऱ्यांत बदलले की त्यातून एक तारा पुढे गाभा कोसळून मरणारा निघतो. त्यामुळे आकाशगंगेत शतकाला सुमारे दोन स्फोट अपेक्षित आहेत आणि इतर मार्गांनी काढलेला एक ते दोन हा अंदाजही त्याच्याशी जुळतो. एनजीसी ६९४६ साठी हाच हिशेब केला तर पूर्वी उत्तर दहापेक्षा बरेच कमी येत असे आणि म्हणून ती दीर्घिका कोड्यात टाकणारी वाटे.

या कोड्याचा मोठा भाग सुटला तो अंतर नव्याने मोजल्यामुळे. जुन्या लेखांत तिचे अंतर दोन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास दिलेले आढळेल. पुढे हबल दुर्बिणीच्या प्रतिमांत तिच्यातले एकेक तांबडे राक्षसी तारे मोजता आले. हे तारे एका ठरावीक कमाल तेजस्वितेपर्यंतच पोहोचतात, म्हणून त्यांच्यातले सर्वांत ठळक तारे किती मंद दिसतात यावरून अंतर काढता येते, आणि ते सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षे निघाले. अंतर ३० टक्क्यांनी वाढले की त्याच दृश्य प्रकाशामागची खरी तेजस्विता जवळजवळ १.७ पट धरावी लागते, आणि तारे जन्मण्याचा वेग तेजस्वितेवरूनच काढत असल्यामुळे तोही त्याच पटीत वाढतो. दीर्घिका आहे तशीच राहिली, आपला हिशेब मात्र बदलला.

आता इकडचे शून्य. गेल्या हजार-एक वर्षांत आकाशगंगेतले पाच अतिनवतारे लोकांनी निश्चितपणे पाहून नोंदवले: १००६, १०५४, ११८१, १५७२ आणि १६०४. परंतु आपण या तबकडीच्या आतच बसलेलो आहोत आणि धूळ नेमकी त्याच पातळीत साठलेली आहे. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणारा दृश्य प्रकाश सुमारे ३० प्रतींनी (प्रत हे ठळकपणाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद) मंदावतो, म्हणजे एक लाख कोटी भागांतला एक भाग आपल्यापर्यंत पोहोचतो. केंद्राजवळच्या स्फोटाची बातमी डोळ्यांना कळणे शक्यच नाही. याचा उत्तम पुरावा म्हणजे जी१.९+०.३ हा एका स्फोटाचा अवशेष. रेडिओ दुर्बिणींनी १९८५ मध्ये घेतलेली त्याची प्रतिमा आणि २००७-०८ मधल्या प्रतिमा शेजारी ठेवल्या तेव्हा तो सुमारे १६ टक्क्यांनी फुगलेला दिसला. त्यावरून उलटे मोजत गेल्यास त्याचा प्रकाश पृथ्वीपाशी साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचला असला पाहिजे, असे ठरले. दुर्बिणी होत्या, छायाचित्रण होते, तरी कोणालाही काही दिसले नाही. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या प्रसिद्ध रेडिओ अवशेषाचा स्फोटही साधारण १६८० च्या सुमारास दिसायला हवा होता, परंतु त्याचीही खात्रीची नोंद मिळत नाही. तेव्हा १६०४ नंतर स्फोट झाले नाहीत असे म्हणण्याऐवजी ते आपल्याला दिसले नाहीत असे म्हणावे.

काचपट्टी:

लघुलुब्धक यांचे विवेचन पटले, मात्र त्यांनी 'दहा' हा आकडा जसाच्या तसा स्वीकारला आहे. मला त्या आकड्यामागच्या निरीक्षकांबद्दल थोडे लिहायचे आहे.

वर दिलेली वर्षे पुन्हा एकदा पाहावीत. १९१७ ते १९३९ या बावीस वर्षांत काही नाही, १९४८ ते १९६८ या वीस वर्षांत काही नाही, १९८० ते २००२ या बावीस वर्षांत पुन्हा काही नाही; आणि मग २००२ ते २०१७ या पंधरा वर्षांत एकदम चार. दीर्घिकेने आपली चाल बदललेली नाही. दर दहा वर्षांस सरासरी एक स्फोट धरला तरी एखादी ठरावीक वीस वर्षे पूर्ण कोरडी जाण्याची शक्यता साडेतेरा टक्के आहे, म्हणजे असे अधूनमधून होणारच. मात्र जुन्या काळातल्या रिकाम्या जागांचा सगळा दोष मी योगायोगावर टाकणार नाही. छायाचित्रणाच्या काचपट्ट्यांच्या काळात एका दीर्घिकेची छायाचित्रे महिनोन्‌महिने घेतली जात नसत, आणि घेतलेली पट्टी जुन्या पट्टीशी ताडून पाहायला कोणाला सवड मिळेपर्यंत तो तारा मावळूनही गेलेला असे.

पहिल्या ताऱ्याची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९ जुलै १९१७ रोजी माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज रिची यांना या दीर्घिकेच्या छायाचित्रात एक नवा ठिपका दिसला. त्या काळी 'सर्पिल तेजोमेघ' आपल्याच आकाशगंगेत आहेत की तिच्याबाहेरची स्वतंत्र विश्वे आहेत, हा वाद जोरात होता. रिची यांच्या शोधानंतर जुन्या काचपट्ट्यांची झडती सुरू झाली, त्यांत आणखी नवतारे, म्हणजे अचानक उजळलेले तारे, सापडले आणि खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिस यांनी, हे तारे इतके मंद दिसतात त्या अर्थी सर्पिल फार दूर असले पाहिजेत, असा युक्तिवाद केला. निष्कर्ष बरोबर निघाला, परंतु साधे नवतारे आणि त्यांच्याहून हजारो पट तेजस्वी असलेले अतिनवतारे हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ही विभागणी आणि हे नाव बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात रूढ केले, आणि या दीर्घिकेतला १९३९ चा तारा झ्विकी यांनीच शोधला.

आताचे चित्र निराळे आहे. २०१७ चा तारा १४ मे रोजी युटामधले हौशी निरीक्षक पॅट्रिक विगिन्स यांनी ३५ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून टिपला, तेव्हा त्याची प्रत १२.८ होती. त्याचे नाव २०१७ ईएडब्ल्यू असे आहे. वर्षानंतरची अक्षरे क्रमाने दिली जातात. पहिल्या सव्वीस नोंदी एका अक्षरात संपतात, पुढे दोन अक्षरे आणि मग तीन. हिशेब केला तर ईएडब्ल्यू हा त्या वर्षातला ३,४२९वा क्रमांक येतो, आणि तोही मे महिन्याच्या मध्यापर्यंत. या नोंदींत खातरजमा व्हायची असलेले ठिपकेही धरलेले असतात हे खरे, तरी १९१७ मध्ये मिळालेले 'ए' हे एकच अक्षर आणि १९८० मधले 'के' त्याच्या शेजारी ठेवून पाहावे.

आणि एक. ही दीर्घिका आकाशगंगेच्या पट्ट्यापासून फक्त बारा-एक अंशांवर दिसते. त्यामुळे तिचा प्रकाश आपल्या इथल्या धुळीतून गाळूनच येतो आणि जवळजवळ एका प्रतीने मंदावतो. तिच्या स्वतःच्या धुळीचा पडदा निराळाच. २००२ एचएच हा तारा एकूण सुमारे पाच प्रतींनी झाकलेला होता, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या शंभर भागांतला एक भाग आपल्याला मिळाला. तो सापडला म्हणून मोजला गेला. त्याहून दाट ढगात फुटलेले किती निसटले असतील, ते त्या दहांत नाहीत.

ध्रुवमत्स्य:

दोघांचेही आभार. आकाशगंगेतील शून्याचा उलगडा झाला. आता दोन नव्या शंका आहेत. पहिली, निसटलेले तारे आकडा वाढवतील हे समजले, परंतु मोजलेल्या दहांपैकी सगळेच निर्विवाद अतिनवतारे आहेत का? दुसरी शंका बालिश वाटेल, तरी विचारतो. अंतर अडीच कोटी प्रकाशवर्षे असेल तर हे दहाही स्फोट अडीच कोटी वर्षांपूर्वीचे झाले, मग ते 'एका शतकात' झाले असे म्हणणे कितपत योग्य आहे?

निरभ्र:

पहिल्या शंकेला उत्तर देतो, कारण या दीर्घिकेतली माझ्या मते सर्वांत रंजक प्रकरणे तिथेच आहेत.

दहांपैकी २००८ एस हा वादग्रस्त आहे. तो नेहमीच्या अतिनवताऱ्यापेक्षा बराच मंद होता. स्फोटापूर्वीच्या दृश्य प्रकाशातल्या प्रतिमांत त्या जागी काहीच आढळले नाही, परंतु स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या जुन्या प्रतिमांत धुळीच्या कोशात गुरफटलेला, साधारण दहा सूर्यांइतक्या वस्तुमानाचा तारा सापडला. एका मताप्रमाणे तो तोतया होता: ताऱ्याने फक्त आपले बाहेरचे थर भिरकावून दिले आणि तारा शाबूत राहिला. दुसऱ्या मताप्रमाणे तो खरा पण दुबळा अतिनवतारा होता, ज्यात ऑक्सिजन, निऑन आणि मॅग्नेशियमच्या गाभ्यातली इलेक्ट्रॉने अणुकेंद्रांनी गिळल्यामुळे गाभ्याचा आधार गेला. पुढच्या वर्षांत तो अवरक्त प्रकाशातही मूळ ताऱ्यापेक्षा मंद झाला आहे, त्यामुळे तारा वाचलेला नसावा याकडे माझा कल आहे.

याच्या अगदी उलट प्रकरण यादीत नसलेल्या एका ताऱ्याचे आहे. ॲरिझोनातल्या, ८.४ मीटर व्यासाचे दोन आरसे असलेल्या दुर्बिणीने २००८ पासून जवळच्या २७ दीर्घिकांवर एक वेगळीच पाळत ठेवली. नवे तारे शोधण्याऐवजी, असलेले तारे गायब होतात का, हे ती पाहत होती. एनजीसी ६९४६ मधला सुमारे पंचवीस सूर्यांइतका एक तांबडा महाराक्षसी तारा २००९ मध्ये काही महिने उजळला, दहा लाख सूर्यांपेक्षाही तेजस्वी झाला आणि मग दृश्य प्रकाशातून नाहीसा झाला. हबलच्या २००७ च्या प्रतिमेत तो आहे, २०१५ च्या प्रतिमेत नाही. अतिनवताऱ्याच्या मानाने तो उजाळा अगदीच किरकोळ होता. म्हणून असा तर्क मांडला गेला की गाभा कोसळला, पण बाहेरच्या थरांना उधळून देण्याइतका धक्का बसलाच नाही आणि तारा जवळजवळ निमूटपणे कृष्णविवरात गेला.

हा तर्क खरा ठरला तर एक जुने कोडेही सुटायला मदत होईल. दुसऱ्या प्रकारच्या अतिनवताऱ्यांच्या स्फोटापूर्वीच्या प्रतिमांत सापडलेले तांबडे महाराक्षसी तारे बहुतेक सतरा-अठरा सूर्यांच्या खालचेच असतात. २०१७ ईएडब्ल्यू चा पूर्वज हबलच्या संग्रहात सापडला, तोही बारा ते पंधरा सूर्यांच्या दरम्यानचा. त्यांहून जड तारे आकाशात तर दिसतात, मग ते फुटताना का दिसत नाहीत, या प्रश्नाला 'ते न फुटता मिटतात' हे उत्तर आकर्षक आहे. मात्र जेम्स वेब दुर्बिणीने त्या नाहीशा झालेल्या ताऱ्याच्या जागी अवरक्त प्रकाशाचा स्रोत पाहिला आहे. कृष्णविवरात परत पडणाऱ्या द्रव्याची ती ऊब असू शकते, किंवा दोन तारे एकमेकांत विलीन होऊन धुळीआड लपले असतील. हा निकाल अजून लागायचा आहे, आणि घाईने 'कृष्णविवराचा जन्म पाहिला' असे मथळे देणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

जेम्स वेबचा विषय निघालाच आहे तर २००४ ईटी चाही उल्लेख करतो. स्फोटानंतर अठरा वर्षांनी, २०२२ मध्ये, या दुर्बिणीने त्याचे वेध घेतले तेव्हा अवशेषात थंड धुळीचा मोठा साठा आढळला. निदान सूर्याच्या एक टक्क्याहून अधिक वस्तुमानाचा. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या दीर्घिकांत इतकी धूळ कुठून आली, या प्रश्नाच्या संदर्भात असे पुरावे मोलाचे आहेत, कारण तेव्हा धूळ तयार करायला म्हातारे तारे नव्हतेच, होते ते फक्त असे अल्पायुषी तारे.

लघुलुब्धक:

निरभ्र यांनी दाखवलेली दुरुस्ती मान्य आहे. मी यादी फारच सरळ मनाने घेतली होती.

दुसरी शंका बालिश नाही. खगोलशास्त्रात घटनेची तारीख म्हणजे तिचा प्रकाश आपल्यापाशी पोहोचला ती तारीख, असा रिवाज आहे. 'एका शतकात दहा' याचा नेमका अर्थ, दहांचा प्रकाश एका शतकात इथे पोहोचला, एवढाच. ही दीर्घिका आपल्याला अगदी समोरून नाही, थोडी तिरकी दिसते. तिची एक कड दुसरीपेक्षा दहा हजारांहून कितीतरी अधिक प्रकाशवर्षांनी आपल्याला जवळ आहे. म्हणून १९६८ आणि १९६९ मध्ये दिसलेल्या दोन ताऱ्यांपैकी तिथे आधी कोणता फुटला, हे दिसण्याच्या क्रमावरून सांगता येत नाही. त्यांच्यात हजारो वर्षांचे अंतर असू शकते आणि क्रम उलटाही असू शकतो. दराला मात्र याने बाधा येत नाही, कारण स्फोटांचा वेग लाखभर वर्षांत फारसा बदलत नाही, आणि दरवर्षी आपल्याला या काळाचा एक तिरका काप दिसतो, एवढेच.

हाच हिशेब उलट्या बाजूने केला तर दर दहा वर्षांस एक या वेगाने सुमारे पंचवीस लाख अतिनवताऱ्यांचा प्रकाश त्या दीर्घिकेतून निघून आत्ता आपल्या वाटेवर आहे. आणि तिच्या बाहूंत निळे-तांबडे जे ठळक तारे आज आपण पाहतो, त्यांतले बारा सूर्यांपेक्षा जड असलेले तारे तिथे केव्हाच उरलेले नाहीत, कारण त्यांचे उरलेले आयुष्य या अडीच कोटी वर्षांपेक्षा कमी होते.